पाली घेऊन काय करणार?

मागच्या रविवारी बुद्धविहारातील वंदना आटोपून आम्ही दारात चपला शोधत होतो, तेव्हा वस्तीतल्या एका समाजबांधवाने आम्हाला बाजूला घेतले. "जयभीम सर, जरा काम होतं." गृहस्थ महापालिकेत कामाला. थोरली मुलगी यंदा कला शाखेतून बारावी झाली, गुणही चांगले मिळाले. पण बापाच्या चेहऱ्यावर आनंद काही दिसेना. "तुम्ही तिला चार शब्द सांगा. बँकेच्या परीक्षेला बस म्हटलं, तलाठ्याची तयारी कर म्हटलं. ही म्हणते पाली घेणार, धर्माचा अभ्यास करणार. आता पाली घेऊन काय करणार, तुम्हीच सांगा. चिवर घालायचंय का हिला?" मुलगी शेजारीच उभी होती. ती बापाशी बोलली नाही, आमच्याकडे वळून म्हणाली, "काका, बाबांना विचारा, बाबासाहेबांनी एवढी वर्षं कशाचा अभ्यास केला?"

बाप हसला, आम्हीही हसलो. उत्तर मात्र दोघांनाही चटकन सुचले नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी बापाची बाजू. ज्याच्या आज्याला गावकीच्या भाकरीवर जगावे लागले, त्याने मुलीच्या पगाराची चिंता करणे यात लाजण्यासारखे काहीही नाही. शिक्षण म्हणजे नोकरी आणि नोकरी म्हणजे पोटाची व अब्रूची हमी, हे समीकरण आपल्या समाजाने उगाच मांडलेले नाही. त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांची उपासमार आहे. भरल्या पोटी 'ज्ञानासाठी ज्ञान' असा उपदेश करणाऱ्यांच्या पंक्तीला आम्ही बसणार नाही. पण म्हणून धर्माचा अभ्यास हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असे जर आपण मानू लागलो, तर ज्या अभ्यासातून आपली चळवळ उभी राहिली त्याच्यावरच आपण पाणी सोडतो आहोत, एवढे तरी लक्षात घेतले पाहिजे.

आता थोडी कबुलीही देऊन टाकतो. कॉलेजात असताना आम्हीही पाली घेतले होते. का? तर गुण मिळतात म्हणून! बाजारात एक पातळसे गाईड मिळायचे. त्यात ठरावीक गाथा, ठरावीक भाषांतरे आणि ठरावीक टिपा. परीक्षेच्या आधी आठ दिवस ते पाठ केले की सत्तरच्या पुढे गुण नक्की. आमच्या वर्गातली सगळी मुले आपलीच. शिकवणारे सर भले गृहस्थ होते, पण वर्षभरात एकाही मुलाने त्यांना एकही प्रश्न विचारल्याचे आम्हाला आठवत नाही. आम्ही पाली 'काढली', शिकलो नाही. आज विहारात त्रिशरण-पंचशील आम्ही खणखणीत आवाजात म्हणतो, पण समोर अनोळखी सुत्ताचे पान ठेवले तर दुसऱ्या ओळीला अडखळतो. हे आमच्या एकट्याचे दुखणे नाही. पाली हा 'स्कोरिंग' विषय आहे, अशी जाहिरात आपणच करून ठेवली आहे.

धर्म शिकवणे आणि धर्माचा अभ्यास करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धर्म शिकवणारा सांगतो की हे असे आहे, हात जोडा. अभ्यास करणारा विचारतो की हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले, कोणासाठी लिहिले आणि त्यामुळे कोणाच्या ताटातली भाकरी कमी झाली. आपल्या संविधानाच्या 28 व्या कलमाने पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देण्यास मनाई केली आहे. ती मनाई पहिल्या प्रकाराला आहे. 2002 साली अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्मांविषयीचा अभ्यास हा या कलमाच्या आड येत नाही असा निकाल दिला. तो खटला ज्या अभ्यासक्रमावरून झाला त्याच्याविषयी पुरोगामी मंडळींना शंका होती, आणि त्या काळची हवा पाहता ती शंका गैर नव्हती. पण न्यायालयाने केलेला भेद आपल्या उपयोगाचा आहे. तो आपण वापरलाच नाही. शिकवणाऱ्यांनी मात्र त्याचा पुरेपूर वापर करून घेतला.

मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. बाबासाहेबांनी कशाचा अभ्यास केला? अर्थशास्त्राचा, कायद्याचा, हे लहान मूलही सांगेल. पण शाळेत असताना त्यांना संस्कृत शिकायचे होते आणि अस्पृश्य म्हणून ते शिकू दिले गेले नाही, नाइलाजाने फारसी घ्यावी लागली, हे आपण फक्त अन्यायाची कथा म्हणून सांगतो. त्या कथेचा दुसरा अर्धा भाग सांगत नाही. धर्माच्या ग्रंथांची किल्ली ज्या भाषेत आहे ती भाषा या मुलाच्या हाती पडू नये, एवढी अक्कल व्यवस्थेला होती! पुढे बाबासाहेबांनी ती भाषा स्वतःच्या कष्टाने मिळवली. मॅट्रिक झाल्यावर केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांच्या हातात ठेवले. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकत असताना मे 1916 मध्ये त्यांनी मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात जातीवरचा निबंध वाचला. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली ती वाचून, पारखून जाळली गेली. न वाचता जाळणे हे काम दंगेखोरांचे, आपले नव्हे.

आणि येवला. 13 ऑक्टोबर 1935 ला घोषणा, 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दीक्षा. मध्ये एकवीस वर्षे. इतर धर्मांचे पुढारी दारात येऊन उभे होते, आमिषेही होती. एवढा मोठा समाज पाठीशी असताना हा माणूस एकवीस वर्षे काय करत होता? राजकारण, संविधान, मजूरमंत्रिपद हे सगळे होतेच. पण त्याच्या जोडीने तो धर्मांचा तुलनात्मक अभ्यास करत होता. 1946 ला शूद्रांवरचा ग्रंथ, 1948 ला अस्पृश्यांवरचा. पाली भाषेचा शब्दकोश आणि व्याकरण तयार करण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते. ते महाराष्ट्र शासनाने त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या सोळाव्या खंडात 1998 साली छापले. मधुमेहाने गांजलेला, डोळ्यांनी अधू होत चाललेला माणूस रात्री दिव्याखाली पाली शब्दांचे अर्थ लिहीत बसतो, ते काय सत्तर गुणांसाठी?

तेव्हा बापाला उत्तर हे की धर्माच्या अभ्यासातून एकदा लाखो माणसांचे धर्मांतर झाले. अर्थात आपली मुलगी बाबासाहेब नाही, असे बाप म्हणेल. बरोबर आहे. म्हणून जरा खालच्या पायरीवरची माणसे पाहू.

विठ्ठल रामजी शिंदे 1901 साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले ते तौलनिक धर्माचा अभ्यास करायला. मराठा घरातला, प्रार्थना समाजातला तरुण. धर्म शिकून परत आला की व्याख्याने देईल, प्रार्थना घेईल अशी लोकांची अपेक्षा. 1903 ला परत आले, तीन वर्षांत, म्हणजे 18 ऑक्टोबर 1906 ला, त्यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले आणि पुढचे आयुष्य अस्पृश्यांच्या शाळा-वसतिगृहांत घातले. संयुक्त मतदारसंघाच्या प्रश्नावर त्यांचे आणि बाबासाहेबांचे पटले नाही. त्या वादात आम्ही बाबासाहेबांच्याच बाजूचे आहोत. पण धर्म शिकायला गेलेला माणूस महारवाड्यात येऊन पोहोचतो, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

दुसरे धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या साखवाळचा, घरदार असलेला माणूस बुद्धाच्या शोधात निघतो, श्रीलंकेत जाऊन भिक्खू होतो, पाली शिकतो. पुढे कलकत्ता विद्यापीठातली नोकरी सोडतो आणि सयाजीराव गायकवाडांच्या महिना 50 रुपयांवर महाराष्ट्रात काम करायचे ठरवतो. हार्वर्डला जाऊन आल्यावर 1912 पासून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवतो. मुंबई विद्यापीठात पाली विषय रुजला त्यामागे त्यांची खटपट आहे. फर्ग्युसनमधल्या त्यांच्या विद्यार्थ्यांत पु. वि. बापट होते. 1956 साली बुद्धजयंतीच्या निमित्ताने केंद्र सरकारने बौद्ध धर्माच्या अडीच हजार वर्षांवर जो ग्रंथ काढला, त्याचे संपादन याच बापटांचे. 1937 ला कोसंबींनी परळला गिरणी कामगारांच्या वस्तीत बहुजन विहार उभा केला. एका माणसाने वर्गात पाली शिकवली, त्यातून एवढे झाले. (एक गोष्ट जाता जाता. शिंद्यांना, कोसंबींना आणि बाबासाहेबांना, तिघांनाही मदत करणारा राजा एकच, बडोद्याचा. त्याने आपल्या बडोदा कॉलेजात तौलनिक धर्माच्या अभ्यासासाठी प्राध्यापकही नेमला होता. आज आपल्या किती शिक्षणसम्राटांना असे सुचते?)

पण हे सगळे इतिहासाचे झाले. आज वर्गात बसलेल्या मुलीला या अभ्यासातून काय मिळते, ते एका उदाहरणाने सांगतो.

सिद्धार्थाने घर का सोडले? शाळेच्या पुस्तकात, सिनेमात, कॅलेंडरवर एकच गोष्ट असते. म्हातारा दिसला, रोगी दिसला, प्रेत दिसले, संन्यासी दिसला, आणि मध्यरात्री बायको-मूल झोपेत असताना राजपुत्र निघून गेला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी ही कथा नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा किंवा प्रेत पाहिलेच नव्हते, हे बुद्धीला पटत नाही, असा त्यांचा रोकडा सवाल. त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेला तंटा पुढे आणला. युद्धाला विरोध केला म्हणून सिद्धार्थाला संघाच्या निर्णयापुढे परिव्रज्या पत्करावी लागली, अशी मांडणी केली. यावर आपल्याला टोमणे ऐकावे लागतात. "तुमच्या आंबेडकरांनी बुद्ध बदलला" असे म्हणणारे विद्वान आम्ही पाहिले आहेत. आणि त्यांच्यापुढे आपला कार्यकर्ता काय करतो? आवाज चढवतो. कारण दुसरे काही हातात नसते.

पाली शिकलेल्या मुलीच्या हातात काय असते पाहा. तिला ठाऊक असते की सुत्तपिटकात ती चार दृश्ये येतात ती महापदान सुत्तात, आणि तिथे ती गौतमाची नसून विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाची आहेत. तिला ठाऊक असते की मज्झिम निकायातल्या अरियपरियेसन सुत्तात बुद्ध स्वतःच्या गृहत्यागाविषयी सांगतात तेव्हा आईबाप रडत असताना आपण केस उतरवून निघालो असे सांगतात. मग मध्यरात्रीच्या गुपचूप पलायनाचे काय? तिला सुत्तनिपातातले अत्तदंड सुत्त ठाऊक असते. त्यात थोड्या पाण्यात तडफडणाऱ्या माशांसारखी एकमेकांवर उठलेली माणसे पाहून आपल्याला भय वाटले, असे बुद्ध सांगतात. कोसंबींनीही या दोन सुत्तांकडे फार पूर्वी बोट दाखवले होते. इतके हाताशी असले की आवाज चढवावा लागत नाही.

पण तिला आणखी एक गोष्ट ठाऊक असते, आणि ती आपल्याला अडचणीची आहे. रोहिणीच्या पाण्याचे भांडण ज्या अट्ठकथांत येते, तिथे ते बुद्धत्वप्राप्तीनंतरचे आहे. बुद्ध मध्ये पडून ते मिटवतात. म्हणजे बाबासाहेबांनी ते गृहत्यागाच्या आधी आणले तो त्यांचा तर्क आहे. मुलगी विहारात उभी राहून हे बोलली तर? आमच्या डोळ्यांसमोर काही चेहरे उभे राहतात. "फार शिकली वाटतं!" "बाबासाहेबांची चूक काढते!" तिला खाली बसवले जाईल. वर्षावासातल्या प्रवचनाला तिला पुन्हा कोणी बोलावणार नाही.

आम्ही या ठिकाणी थोडे स्पष्ट बोलणार आहोत, राग आला तर यावा. अस्पृश्यांवरच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी स्वतःच सांगितले आहे की जिथे पुराव्याचे दुवे तुटलेले असतात तिथे इतिहासकाराला तर्काचा पूल बांधावा लागतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' च्या प्रास्ताविकात त्यांनी चार प्रश्न वाचकांपुढे ठेवले. त्यातला पहिला प्रश्न याच परिव्रज्येचा आहे. ते प्रश्न चर्चेसाठी ठेवले, पूजेसाठी नव्हे. ज्या भदंत आनंद कौसल्यायनांनी त्या ग्रंथाचे हिंदी भाषांतर केले, त्यांनी पाली ग्रंथांतले आधार शोधण्याचे कष्ट घेतले. त्यांना कोणी खाली बसा म्हटले नाही. औरंगाबादच्या कॉलेजला बाबासाहेबांनी मिलिंदाचे नाव दिले. परिसराला नागसेनवन म्हटले. मिलिंद हा ग्रीक राजा, भिक्खू नागसेनाला प्रश्नांवर प्रश्न विचारणारा. आणि नागसेनाची अट काय होती? पंडितांच्या रीतीने बोलायचे असेल तर बोलू, राजाच्या रीतीने बोलायचे असेल तर नाही. पंडित चूक दाखवली तर रागावत नाही, राजा शिक्षा करतो. आपल्या विहारांत आज कोणत्या रीतीने बोलले जाते?

धर्माच्या अभ्यासाचा रस्ता कोठे जातो याचे हेही एक उत्तर आहे. तो आपल्याच घरातल्या वादापर्यंत जातो. बापाने भ्यायचे असेल तर नोकरीपेक्षा याला भ्यावे! आणि मुलीने तयारी ठेवायची असेल तर याची ठेवावी.

लेण्यांचा विषय काढला नाही तर हा लेख पुरा होणार नाही. आपण दरवर्षी बसगाड्या करून लेण्यांवर जातो. मेणबत्त्या लावतो, वंदना घेतो, फोटो काढतो. कार्ल्याला चैत्याच्या तोंडाशी एकवीरेचे देऊळ आहे, लेण्याद्रीच्या विहारात गणपती बसला आहे, नाशिकच्या बौद्ध लेण्यांना लोक पांडवांचे नाव देऊन बसले आहेत. यावर आपण चिडतो आणि ते रास्तच आहे. पण त्याच भिंतींवर ब्राह्मी अक्षरे कोरलेली आहेत, आणि ती वाचणारा आपल्या बसगाडीत सहसा कोणी नसतो. नाशिकला नहपानाचा जावई उषवदात याने कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे 3000 कार्षापणे ठेव म्हणून ठेवल्याचा लेख आहे. 2000 महिना एक टक्क्याने, 1000 पाऊण टक्क्याने, आणि त्या व्याजातून भिक्खूंचा खर्च. म्हणजे विणकरांची संघटना ही त्या काळची बँक होती! तिथेच तेलाचा घाणा चालवणाऱ्यांच्या श्रेणीचा उल्लेख आहे. जुन्नरच्या लेखांत धान्य विकणाऱ्यांची श्रेणी आहे, कासारांची आहे, आणि बांबूकाम करणाऱ्यांची, वंसकारांची आहे. वंसकार म्हणजे आजच्या भाषेत बुरूड म्हणायचे. ज्या कामाला पुढे व्यवस्थेने हीन ठरवून गावाच्या कडेला ढकलले, ते काम करणाऱ्यांच्या संघटनेवर विश्वास ठेवून सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लोक धम्मासाठी ठेवी ठेवत होते. हे दगडावर लिहिलेले आहे. वाचायला पाली-प्राकृत आणि ब्राह्मी लागते, आणि ते शिकायला कॉलेजात एक वर्ग लागतो.

आता पोटाचे. यात आम्ही कोणाला फसवणार नाही. पाली घेऊन सरळ नोकरी मिळेल अशी परिस्थिती नाही. नेटला पाली हा विषय आहे, तौलनिक धर्माचाही स्वतंत्र पेपर आहे. पण पास होऊन बसलेली मुले तासिका तत्त्वावर राबताना आम्ही पाहतो. वर्गात पुरेशी मुले नाहीत म्हणून विषय बंद, विषय बंद म्हणून जागा नाही, जागा नाही म्हणून मुले नाहीत, हे चक्र चालू आहे. 2013 साली केंद्रीय लोकसेवा आयोगाने मुख्य परीक्षेच्या वैकल्पिक विषयांतून पाली साहित्य वगळले. आपली मुले पाली घेऊन अधिकारी होत होती, तो दरवाजा बंद झाला. त्या वेळी आपल्या पुढाऱ्यांनी निवेदने दिली, फोटो छापून आणले आणि पुढे गप्प बसले. 3 ऑक्टोबर 2024 ला केंद्र सरकारने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. मराठीचे पेढे सगळ्यांनी वाटले. पालीचे पेढे वाटायला हवे होते ते आपण, पण आपल्या किती वस्त्यांत ही बातमी पोहोचली? अभिजात भाषेला परीक्षेत जागा नाही, हा विरोधाभास घेऊन आज रस्त्यावर उतरता येते. मागणी सोपी आहे. आयोगाच्या यादीत पाली परत घ्या, आणि कॉलेजांतल्या रिकाम्या जागा भरा.

दुसऱ्या बाजूला काय चालले आहे तेही पाहा. 2001 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने फलज्योतिषाचे अभ्यासक्रम आणले. वैज्ञानिकांनी विरोध केला, 2004 ला सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. 2022 ला बनारस हिंदू विद्यापीठात हिंदू अध्ययनाचे एम. ए. सुरू झाले, नेटला तो विषयही आला. त्यांनी आपल्या मुलांना "हे घेऊन काय करणार" असे विचारले नाही. त्यांनी आधी विषय उभा केला, मग परीक्षा, मग जागा. आम्हाला याचा हेवा वाटतो. उलट आमचे म्हणणे असे की आपल्या चार हुशार मुलांनी त्या वर्गातही जाऊन बसावे. मूळ संस्कृतातली धर्मसूत्रे वाचावीत आणि प्राध्यापकाला शांतपणे प्रश्न विचारावेत. एके काळी ज्या भाषेच्या वर्गात बसू दिले नाही, तिथे आज फी भरून बसता येते. मग आपण बाहेर का उभे?

कोर्टाचे उदाहरण तर अगदी ताजे. 1954 च्या शिरूर मठ खटल्यापासून आपली न्यायालये धर्माची 'अत्यावश्यक' प्रथा कोणती हे ठरवत आली आहेत. 2018 ला शबरीमला, 2022 ला कर्नाटकातला हिजाब. न्यायाधीश धर्मग्रंथांची भाषांतरे उघडून बसतात, दोन्हीकडचे वकील त्यातली वाक्ये शोधतात. आपल्या देशात जन्मापासून मरणापर्यंत सगळेच धर्माने व्यापले आहे, त्याला मर्यादा घातली पाहिजे, असे बाबासाहेबांनी 2 डिसेंबर 1948 ला संविधान सभेत बजावले होते. बोधगयेचेच घ्या. 1949 च्या कायद्याने महाबोधी विहाराच्या समितीत चार बौद्ध आणि चार हिंदू, वर जिल्हाधिकारी. 2025 च्या फेब्रुवारीत भिक्खू तिथे उपोषणाला बसले आणि देशभरातून आपली माणसे गेली. घोषणा द्यायला माणसांची कमतरता नाही. पण विहाराचा इतिहास, महंताचा ताबा, शिलालेख, कायदा हे एकत्र जाणणारा वकील आपल्याकडे किती जणांचा आहे? असा वकील घडायचा तर त्याने आधी बी. ए. ला धर्म आणि पाली शिकून मग कायद्याकडे वळले पाहिजे. संग्रहालये, पुरातत्त्व खाते, अजिंठ्याला येणारे जपान-थायलंडचे यात्रेकरू, भाषांतर, वृत्तपत्रे, अशा वाटाही आहेत. पण पालीच्या जोडीला इंग्रजी पक्की हवी आणि दुसरे एखादे हत्यार हातात हवे. मुलीला आम्ही हेच सांगितले. पाली मेजर घे, मायनरला इतिहास घे. बँकेची परीक्षा पदवीनंतरही देता येते, ती कोठे पळून जात नाही.

आणि फक्त पालीच नको, हेही सांगितले. कुराण वाच, बायबल वाच, तुकोबा वाच, मनू वाच. ज्याला एकच धर्म ठाऊक आहे त्याला तोही धड ठाऊक नसतो, हे तिला पटले असावे. बापाला पटले नाही. "बायबल कशाला?" तो म्हणाला. बाबासाहेबांच्या ग्रंथसंग्रहात काय काय होते ते आम्ही त्याला सांगू लागलो, पण त्याची ड्युटीची वेळ झाली होती.

गुरुवारी रात्री त्याचा फोन आला. प्रवेशाचा अर्ज भरायचा सोमवार शेवटचा दिवस. पालीला आतापर्यंत नऊच मुले आली आहेत, आणखी काही आली नाहीत तर यंदा वर्ग सुरू होणार नाही असे कॉलेजातल्या कारकुनाने सांगितले, ही माहिती त्याने दिली. मग थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "सर, ते जुन्नरचं तुम्ही बोललात ना त्या दिवशी, बुरुडांचं. माझी आजी सुपं विणायची. तिथं खरंच लिहिलंय तसं?"

आम्ही म्हटले, लिहिले आहे.

"मग एकदा जाऊ आपण. तुम्ही वाचून दाखवा."

सत्तर गुण मिळाले होते आम्हाला पालीत. आम्ही त्याला म्हटले, जाऊ, पण वाचून दाखवायला आम्हाला येत नाही.